एकच क्रिस्टल, ८०७ आणि ४० मीटरचा बँड

सध्या माझ्या टेबलवर जो हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा ट्रान्समीटर आहे त्यात व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या नळ्या) दोनच, ६व्ही६ चा क्रिस्टल ऑसिलेटर, जो क्रिस्टलच्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल तयार करतो, आणि त्याच्यापुढे त्या सिग्नलची ताकद वाढवणारा ८०७. फक्त मोर्स, आवाज नाही. ८०७ म्हणजे आरसीएचा तिशीच्या दशकातला व्हॉल्व्ह, ६एल६ च्याच घराण्यातला, पण प्लेटचं कनेक्शन वर डोक्यावरच्या टोपीला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेटमध्ये हा ढिगानं वापरला गेला आणि युद्ध संपल्यावर सरप्लसमध्ये स्वस्तात बाहेर पडला, म्हणून आपल्याकडच्या जुन्या हॅम मंडळींना विचारलं तर पहिला ट्रान्समीटर कशावर बनवला याचं उत्तर बऱ्याचदा ८०७ हेच येतं. अजूनही पुण्यात जुन्या बाजारात किंवा मुंबईला चोरबाजारात फिरलं की मोडीत निघालेल्या व्हॉल्व्ह रेडिओतले ट्रान्सफॉर्मर, चोक, गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरतो तो) असं काहीबाही हाताला लागतं, आणि असा गँग पुसून, तेल देऊन पुन्हा कामाला लावला की मला खरंच फार बरं वाटतं.

क्रिस्टलबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे कारण नवीन लोक इथेच अडकतात. जुन्या सर्किटमध्ये एफटी-२४३ टाईपचे मोठे क्रिस्टल गृहीत धरलेले असतात, ते बऱ्यापैकी करंट सोसायचे. आज मिळतात ते छोट्या पत्र्याच्या डबीतले एचसी-४९, त्यांना एवढा करंट झेपत नाही, गरम होऊन फ्रिक्वेन्सी सरकते, मोर्सची की दाबल्यावर सिग्नल चिवचिवतो आणि जास्तच झालं तर क्रिस्टल तडकतो. म्हणून ऑसिलेटरच्या स्क्रीनचं (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचं) व्होल्टेज कमी ठेवायचं आणि क्रिस्टलच्या सिरीजमध्ये ६० मिलिअँपचा छोटा पायलट बल्ब लावायचा, ही जुन्या लोकांची युक्ती. बल्ब नीट पेटलेला दिसला तर समजायचं की करंट जास्त आहे.

८०७ ला मी ४०० व्होल्टच देतो, त्यात २५ वॅटच्या आसपास अँटेनाला मिळतात आणि मोर्सला तेवढे पुष्कळ आहेत. पण ४०० व्होल्ट डीसी म्हणजे जीव घ्यायला पुरेसे, त्यामुळे सेट बंद केल्यावर कंडेन्सर रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर हवाच, आत हात घालायच्या आधी कंडेन्सर डिस्चार्ज करून मीटर लावून बघायचं, आणि एक हात खिशात, म्हणजे शॉक छातीतून जायला नको. यात तडजोड नाही.

आता खरा मुद्दा. क्रिस्टल एकच, ७०३० किलोहर्ट्झचा, म्हणजे ४० मीटर बँडमधला. आजचा रेडिओ असेल तर नॉब फिरवला, बँड बदलला, झालं. इथे तसं काही नाही, फ्रिक्वेन्सी ठरलेली आहे, पॉवर ठरलेली आहे, गच्चीवरचा २० मीटर लांबीचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेनाही ठरलेला आहे, मग बदलता येते ती फक्त वेळ. म्हणून मी तर म्हणेन असा ट्रान्समीटर बनवला की आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ सिग्नल परतवणारे वातावरणातले वरचे थर, शिकणं हा त्या बांधणीचाच भाग आहे, सोल्डरिंगइतकाच.

दिवसा सूर्य त्यातला सगळ्यात खालचा डी लेयर तयार करतो आणि तो सिग्नल गिळतो, फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकं जास्त, त्यामुळे दुपारी ८० मीटर जवळजवळ बंद आणि ४० वर सिग्नल मंद. सूर्य बुडाला की डी लेयर विरतो पण वरचा एफ लेयर टिकतो आणि लांबची स्टेशनं यायला लागतात. सूर्याचा जोर कमी असलेल्या वर्षांत, म्हणजे २०१९-२० सारख्या, रात्री उशिरा एफ लेयर इतका पातळ होतो की सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल परतच येत नाही, आणि मग पुण्याहून मुंबई ऐकू येत नाही पण हजारो किलोमीटरवरचं कुणीतरी खणखणीत येतं. स्किप लांब गेला म्हणतात ते हेच.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे जी युरोप-अमेरिकेच्या पुस्तकी चार्टवरून नीट कळत नाही. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं, केरळात थुंबाला रॉकेट केंद्र उभारलं ते याचसाठी. त्यामुळे आपला एफ लेयर भरपूर दाट असतो, पण मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, विशेषतः सूर्य जोरात असताना, सूर्यास्तानंतर त्यात खळबळ माजते आणि सिग्नल पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो. सिग्नलची ताकद मोजणारा एस मीटर चांगला दाखवतो पण डिट (मोर्सचं टिंब) कुठे संपला डॅश कुठे सुरू झाला कळत नाही. अशा वेळी पॉवर वाढवून काही होत नाही, की चा स्पीड कमी करायचा आणि कॉल साईन (आपल्या स्टेशनची ओळख) दोनदा द्यायचं, किंवा उशिरापर्यंत थांबायचं. आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमले की विजांचा कडकडाट इतका असतो की तेव्हा मी अँटेना काढूनच ठेवतो आणि पहाटे बसतो.

सोलर फ्लेअरचं, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटाचं, तर विचारूच नका, दिवसाउजेडी बँड चालू असताना काही मिनिटांत सगळं शांत, नवीन माणूस आधी स्वतःचा सेट उघडतो. उघडण्याआधी नोआ या अमेरिकी संस्थेचा सूर्याच्या एक्स-रेचा ग्राफ बघायचा. मे २०२४ च्या त्या मोठ्या चुंबकीय वादळात, लडाखमध्ये लाल आकाश दिसलं तेव्हा, जगभर शॉर्टवेव्हची दाणादाण उडाली होती.

सूर्याच्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रांपैकी सायकल २५ चा कळस २०२४ मध्ये होऊन गेला, आता पुढची काही वर्षं सूर्याचा जोर ओसरेल तसे १० आणि १५ मीटर हळूहळू आटत जाणार आणि लोक परत ४०-८० कडे येणार. म्हणून मी आत्ताच ८० मीटरची कॉइल गुंडाळायला घेतलीये, पीव्हीसी पाईपवर, प्लगइन, म्हणजे तोच ट्रान्समीटर दोन बँडवर चालेल. अडलंय ते क्रिस्टलवर. कुणाकडे ३५०० ते ३५६० किलोहर्ट्झमधले जुने एफटी-२४३ डब्यात पडून असतील तर प्लीज फेकू नका, मला कळवा, बदल्यात ८०७ देईन, तपासून ठेवलेले आहेत माझ्याकडे. ७३ (हॅम मंडळींच्या भाषेत शुभेच्छा).