टोटल जुळली होती

जुलैची ७ तारीख, रात्रीचे पावणेनऊ. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं अकाउंट खातं. २३८ जणांचा पगार, ४९ लाखांच्या आसपास, बँकेच्या पोर्टलवर चढवून झाला होता. फाईल चढवणारे आमचे काका, लेजर हाताने लिहायच्या काळापासून या टेबलावर बसलेले. मंजुरी माझी. ओटीपी मोबाईलवर येऊन पडला होता. काका म्हणाले, "टोटल जुळतीय, माणसं २३८ च्या २३८. दाबा की आता, साहेब."

दाबणारच होतो. नजर गेली ती रात्रपाळीच्या वॉचमनच्या नावावर. गारगोटीचा माणूस, खातं जिल्हा बँकेत. त्याच्या कर्जासाठी पगाराचा दाखला मीच सही करून दिलेला. फाईलमध्ये मात्र त्याच्यापुढचा आयएफएससी भलत्याच बँकेचा. पहिली चार अक्षरं बँकेची असतात, त्यावरून कळलं. आणखी पाच नावं मास्टरशी, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मूळ नोंदींच्या यादीशी, ताडली. पाचही चुकलेली.

झालं होतं ते असं. पगारपत्रकात डावीकडे कोड, नाव, दिवस आणि रक्कम. मग दिसायला बरं म्हणून सोडलेला एक रिकामा कॉलम. मग खाते क्रमांक आणि आयएफएससी. काकांनी नावाच्या कॉलममधल्या एका खान्यावर क्लिक करून अकारविल्हे सॉर्ट केलं. रिकाम्या कॉलमपाशी एक्सेलच्या लेखी तक्ता संपतो. डावा भाग हलला, उजवा जागेवर राहिला, आणि एक्सेलने चकार शब्द काढला नाही. रकमा त्याच, माणसं तेवढीच, म्हणून दोन्ही टोटल जुळल्या. टोटल आकडे पडताळते. कुठला आकडा कुणाच्या खात्यात चाललाय, हे तिला कळत नाही.

एनईएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून, नाव बघून नव्हे. डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला बॅच. नऊची बॅच गेली असती तर मोल्डरचा ओव्हरटाइम शिपायाच्या खात्यात आणि शिपायाचा पगार आणखी कुणाच्या. चुकून गेलेले पैसे परत घ्यायचे तर ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती लागते. २३८ संमत्या!

फाईल रद्द केली आणि काकांना घरी पाठवलं. त्यांना रात्रीच दुरुस्ती करायची होती. पण ज्या डोळ्यांना चूक दिसली नव्हती, त्याच डोळ्यांनी आणखी दोन तास बसून काय साधणार? पगार ८ तारखेला सकाळी साडेदहाला गेला. कायद्याची मुदत एका दिवसाने चुकली, ते खरंच. तशी नोटीस आठच्या पाळीला बोर्डावर लावली.

दुसऱ्या दिवशी काकांची गेल्या महिनाभराची व्हाउचरं काढून बसलो. माणूस थकल्याचं चेहऱ्याआधी दप्तरात दिसतं, आणि इथे तर ठळक दिसत होतं. ५४,७८० चे ५७,४८० झालेले, फरक २,७००. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी उलटे पडलेले अंक शोधायचे, हे काकांनीच मला शिकवलेलं. या वेळी त्यांनी शोधलं नव्हतं, फरक सस्पेन्समध्ये, म्हणजे न लागलेल्या रकमांच्या खात्यात, टाकून दिला होता. नोंदीखालचा खुलासा, म्हणजे नॅरेशन, एरवी दोन ओळींचं; ते नुसत्या 'बिलाप्रमाणे' वर आलेलं. विचारलं तर म्हणाले, "ऑडिटर बघतील की." काकांच्या तोंडी हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटच्या, म्हणजे कामाने पार थकून जाण्याच्या, तीन खुणा दिल्या: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटकपणा, कामाची धार जाणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. तिन्ही खुणा आमच्या फाईलीत होत्या.

ताण साचतो कुठे, तर तारखांवर. ७ ला टीडीएस (बिलातून, पगारातून कापलेला आयकर) आणि पगार, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, दाखवणारं पत्रक), १५ ला पीएफ-ईएसआय, २० ला ३बी (जीएसटी भरायचं विवरण). त्यात जुलै म्हणजे ऑडिटच्या शंका वेगळ्या. तारखा सरकारच्या, त्या हलत नाहीत. काम हलवता येतं. हजेरी आता १ तारखेला दुपारी १२ ला बंद. त्यानंतर सुपरवायझरने आणलेला ओव्हरटाइम पुढच्या महिन्यात. (पहिल्या महिन्यात यावरून बरीच शिवीगाळ झाली, दुसऱ्यात हजेरी वेळेवर आली.) टीडीएसचा हिशोब बिल बुक करतानाच. बँकेची फाईल ५ ला सकाळी, मंजुरी दुपारी एकच्या आत. संध्याकाळी सहानंतर ओटीपी कुणीच मागायचा नाही. खाते क्रमांक कॉपी करायचा नाही, कर्मचारी कोडवरून व्हीलुकअपने (एक्सेलचं शोधून आणायचं सूत्र) मास्टरमधून यायचा. मंजुरीआधी मनाला येतील ती दहा नावं खात्यासकट ताडायची. आणि "माझं पेमेंट कधी?" हे फोन फक्त दुपारी ४ ते ५.

घाबरायचं कशाला आणि किती, याचाही हिशोब मांडला. ३बी एक दिवस उशिरा गेलं, क्रेडिट वजा जाऊन प्रत्यक्ष भरायचा कर २ लाख असला, तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज सुमारे ९९ रुपये आणि लेट फी ५०. दीडशे रुपयांसाठी रात्री अकरापर्यंत माणूस बसवायचा? टीडीएसचं गणित मात्र चावरं. व्याज कपातीच्या तारखेपासून, महिना किंवा त्याच्या भागाला दीड टक्का; जूनची कपात ८ जुलैला भरली तरी दोन महिने, म्हणजे ३ टक्के. जीएसटीआर-१ चुकलं तर गिऱ्हाईकाचं क्रेडिट त्या महिन्याच्या २बीत दिसत नाही, ते फोन करून डोकं खातं. म्हणून माझ्या लेखी ११ तारीख २० पेक्षा मोठी.

राहिली रजा. काकांनी चार वर्षांत सलग तीन दिवस घेतले नव्हते. जोतिबाची चैत्र यात्रासुद्धा मार्चअखेरच्या नावाखाली बुडवलेली. बँकांत नाजूक जागांवरच्या माणसाला वर्षातून किमान दहा कामकाजाचे दिवस सलग, आधी न कळवता सक्तीच्या रजेवर पाठवायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो गैरव्यवहार पकडण्यासाठी, पण मी आमच्या मालकांना तोच दाखवला. २१ जुलैपासून काका दहा दिवस रजेवर.

तिसऱ्या दिवशी २४क्यू, म्हणजे पगारावरच्या टीडीएसचं तिमाही विवरण, भरताना कळलं, की टीडीएसच्या पोर्टलचा पासवर्ड फक्त काकांच्या डायरीत आहे, आणि डायरी त्यांच्या पिशवीत, आदमापूरला. फोन लावला नाही. पासवर्ड नव्याने करून घ्यायला अर्धा दिवस गेला. आता तो सीलबंद पाकिटात तिजोरीत असतो, पाकिटावर तारीख घालून.