दारात गाडी आहे, मग बसने का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो. लग्नात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, परवा तर केस कापताना न्हाव्यानेही विचारलं. पुण्यात कात्रज ते शिवाजीनगर रोज बसने, दारात गाडी असून?

आजवर माणूस बघून उत्तर दिलंय. कुणाला पेट्रोल, कुणाला पाठदुखी. प्रदूषण म्हणालो ते निव्वळ भाव खायला. खरं कारण हे की दोन नंबरची बस कात्रजहूनच सुटते आणि मला खिडकी मिळते. बालाजीनगरला चढून दांड्याला लोंबकळणाऱ्याला बसचं कौतुक विचारू नका.

आणि मी काही जन्माचा बसवाला नाही. डिसेंबर २००६मध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली लेन, आमच्याच सातारा रस्त्यावर आली, तेव्हा ‘आमचा रस्ता खाल्ला’ म्हणून गाडीत बसून शिव्या घालणाऱ्यांत मी होतो. आता त्या लेनमध्ये दुचाकी घुसली की खिडकीतून त्याच शिव्या घालतो. दोन्ही वेळा मला माझंच बरोबर वाटलं. सप्टेंबर २०२४पासून स्वारगेटहून पुढे मेट्रो आहे, वेळ वाचतो, मान्य. पण मग खिडकी सोडायची, उतरायचं, जिने, पुन्हा चढायचं. असो.

पण तुम्हाला विचारायचंय ते हे नाहीच. ताईने तुम्हाला त्या रात्रीचं सांगितलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वीचा पावसाळा. रात्री अडीचला आईच्या छातीत दुखायला लागलं. धरून खाली आणली, मागच्या सीटवर बसवली, चावी फिरवली. दिवे मिणमिणले आणि नुसतं टक-टक-टक. गाडी पाच आठवडे जागची हलली नव्हती. ढकलावी तर बेसमेंटचा चढ. मोबाइलवर दोन रिक्षा घेतल्या, दोन्ही रद्द झाल्या. १०८ला फोन केला, निघालीय म्हणाले. आई शाल लपेटून मांडीवर मेडिक्लेमच्या कागदांची पिशवी धरून बसली होती. ती तिने स्वतःच आठवणीने घेतलेली. मला म्हणाली, “अरे, पीएमटीची बस नसते का रे आत्ता?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

शेवटी वॉचमनने दुसऱ्या मजल्यावरच्यांना उठवलं, त्यांच्या गाडीतून नेलं. वीसेक मिनिटं गेली असतील. अटॅकच होता. स्टेंट टाकली, आई आता बरी आहे, माझ्या भाजीत मीठ कमी असल्याचं रोज सांगते.

ताई एवढंच म्हणाली, “रोज नेत असतास तर चालू झाली असती.”

बॅटरी चार वर्षांची होती, कधीतरी उतरणारच होती, असं मी तिला सांगितलं. मेकॅनिकचा हवाला दिला. मेकॅनिक पुढे काय म्हणाला ते नाही सांगितलं. गाडी फिरती असती तर बॅटरीने आधी कुरकुर केली असती, कळलं असतं, असं म्हणाला होता.

तेव्हाच बस सोडायला हवी होती असं काही दिवस वाटतं. काही दिवस वाटतं, बॅटरीचा आणि बसचा काय संबंध? नवी बॅटरी टाकली आणि पुढच्या सोमवारी पुन्हा दोन नंबरच्या रांगेत उभा राहिलो. का, ते तुम्हीच सांगा.

आता दर रविवारी आईला पुढे बसवून गाडी नवले पुलापर्यंत फिरवून आणतो. रात्री ताईचा फोन येतो, “चालू केलीस?” “केली.” सोमवारी कसा जाणार, ते ती विचारत नाही.