भिंत छपरापर्यंत जाते का? देवबागला मुक्काम शोधतानाचा माझा अनुभव

लग्नाला १० वर्षं झाली म्हणून दोघंच कुठेतरी जाऊया हे ठरायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि राहायचं कुठे हे ठरायला पाच आठवडे. तारीख १२ डिसेंबर २०२४, गुरुवार. लेक आईकडे डोंबिवलीत राहणार, नवऱ्याची रजा पास, माझी पण पास, सगळं जमलेलं आणि गाडी अडली ती मुक्कामावर.

नवऱ्याला बेट हवं होतं. तो अकोल्याचा, त्याला समुद्राचं अजून कौतुक आहे, आणि जानेवारी २०२४ मधे लक्षद्वीपचे फोटो सगळीकडे फिरले तेव्हापासून त्याच्या डोक्यात निळं पाणी आणि पांढरी वाळू बसली होती. मालदीवचं तिकीट बघून त्याने स्वतःच फोन बाजूला ठेवला. लक्षद्वीपला परमिट लागतं, कोचीला जाऊन पुढे अगत्तीचं विमान, आमच्या चार दिवसांत जायचे यायचेच दोन गेले असते. अंदमानचं पण तेच. मग मी म्हटलं अरे कोकणात चल ना, तर म्हणे कोकणात बेट कुठेय. म्हटलं सिंधुदुर्ग किल्ला काय आहे मग, कुरटे बेटावरच बांधलाय महाराजांनी, आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव दहीबाव साखरबाव, अजून काही कुटुंबं राहतात तिथे. पण टुरिस्ट लोकांनी होडीने जायचं, किल्ला बघायचा आणि परत यायचं, तिथे रात्री झोपाळ्यावर बसून चहा पिणार तो कसा. शेवटी तडजोड झाली, बेट नसलं तरी दोन्ही बाजूंना पाणी असलेलं काहीतरी. म्हणजे देवबाग. मालवणजवळच्या तारकर्लीच्या पुढची ती चिंचोळी पट्टी, एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. रस्त्यावर उभं राहिलं तर काही ठिकाणी समुद्र पण चालत जवळ आणि खाडी पण.

आता खरी अडचण सांगते. मी मूळची कुडाळकडची. जन्म डोंबिवलीचा पण मे महिना आणि गणपती गावाला. कुडाळजवळ माझी आत्या राहते, सख्खी, एकटी, भलं मोठं घर. आमच्याकडे कोकणात जाऊन हॉटेलात राहणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. आणि आत्याकडे उतरलं असतं तर ॲनिव्हर्सरीच्या दिवशी मी नारळ खवत बसले असते आणि नवरा ओटीवर बसून भावकीच्या जमिनीचा वाद ऐकत असता. म्हणून आत्याला सांगायचंच नाही असं ठरवलं. आईला पण फक्त "कोकणात" एवढंच सांगितलं.

फोटो बघून रूम बुक करायची नाही हा माझा नियम, कारण चार-पाच वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात एका ठिकाणी आम्ही फसलो होतो. फोटोत मस्त कौलारू घर, अंगण, तुळस. रात्री कळलं की आमची खोली आणि शेजारची खोली यांच्यामधे फक्त प्लायवूड आहे आणि ते पण वर कौलांपर्यंत गेलेलं नाही. शेजारचे काका घोरत होते ते ठीक, पण पहाटे पाचला त्यांचा अलार्म वाजला, त्यात अथर्वशीर्ष, आणि काका काही उठेनात, आम्ही इकडून दोघंही हात जोडून पडलेलो. जुन्या कोकणी घरांत हे असतंच, मधल्या भिंती डोक्याच्या वर थोड्या जातात आणि पुढे सगळं मोकळं, वारा खेळायला बरं पडतं, पण या खोलीत खोकलं की त्या खोलीतून "पाणी दिऊ काय" येतं. म्हणून या वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला होता, भिंत छपरापर्यंत जाते का.

सात ठिकाणी फोन केले. एकाने विचारलं "म्हणजे काय मॅडम?" आणि मला सविस्तर सांगावं लागलं, ऑफिसच्या पॅन्ट्रीतून, कलीग्ज आजूबाजूला. एक बाई इतक्या हसल्या की त्यांना प्रश्न नीट कळलाय हे मला कळलं. त्यांच्या खोल्या अशाच होत्या, त्यांनी खरं सांगितलं, त्यांना मनापासून थँक्यू म्हटलं. एका ठिकाणी "आयलंड व्ह्यू कॉटेज" होतं, नवरा लगेच उडाला. मी विचारलं कुठलं आयलंड, तर त्सुनामी आयलंड. आता हे त्सुनामी आयलंड म्हणजे संगमाजवळचा वाळूचा पट्टा, २००४ च्या त्सुनामीत तयार झाला असं सगळे सांगतात, ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला त्यावर पाणी चढतं. दिवसभर तिथे जेट स्की, बनाना बोट, बंपर राईड. म्हणजे व्ह्यू बेटाचा आणि आवाज भिवंडी बायपासचा. नवऱ्याला म्हटलं दुपारी दोन तास तिथे जाऊ, झोपायला नको. तारकर्लीचं एमटीडीसी बीचवरच आहे, सुरूच्या बनात, ते बघितलं तर आमच्या तारखा फुल. पलीकडे भोगव्याला पण एक घर आवडलं होतं, किनारा फारच सुंदर आणि शांत आहे तिकडे, पण आमच्याकडे गाडी नव्हती आणि संध्याकाळनंतर काही लागलं तर काय करायचं, म्हणून सोडलं. अजून वाटतं तिथे जायला हवं होतं, असो.

सगळ्यात जास्त शिकले ते सहाव्या फोनवर. देवबागचेच एक दादा, त्यांचा पाच खोल्यांचा होमस्टे. मी सगळ्यांना विचारायचे तसंच विचारलं, समुद्र किती लांब आहे. तर ते म्हणाले, "ताई, समुद्र किती लांब ता नका इचारू, मधी काय आसा ता इचारा." मग त्यांनी समजावलं. देवबागला समुद्र किनारा खात चाललाय, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मोठमोठे काळे दगड टाकून बंधारा केलाय, धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात त्याला. तर जाहिरातीत "सी टच" लिहिलेलं खोटं नसतं, समुद्र असतोच समोर, पण खोलीतून उतरून वाळूवर चालत जाता येईल असं नाही, मधे दगडांची रास असू शकते. आणि रात्री भरतीच्या वेळी त्या दगडांवर लाटा आपटतात तो आवाज दोन तास रोमँटिक वाटतो, नंतर झोप लागत नाही. त्यांचं घर खाडीच्या बाजूला होतं. पाणी संथ, समोर माड आणि होड्या, आणि समुद्रावर जायचं तर रस्ता ओलांडून पाच मिनिटं. मी विचारलं भिंत? म्हणाले चिऱ्याची आहे, वर स्लॅब आहे, कौलं फक्त शोभेला. विहिरीचं पाणी मचूळ आहे का विचारलं तर म्हणाले अंघोळीला थोडं मचूळ लागेल, साबणाला फेस कमी येतो, प्यायला वेगळं देतो. जो माणूस स्वतःहून फेस कमी येतो सांगतो त्याच्यावर माझा विश्वास बसतो. अडीच हजार रुपये रात्रीचे, जेवण वेगळं. मधल्या वारी कोण असतं विचारलं तर म्हणाले कोणी नाही, शुक्रवारी रात्री पुण्याचा ग्रुप येतोय. मग आम्ही शनिवारी सकाळी निघायचं ठरवलं.

अजून एक गोष्ट त्यांनी शांतपणे सांगितली आणि मी फोनवरच कपाळाला हात लावला. बुधवारी ११ तारखेला एकादशी, गुरुवारी मार्गशीर्षातला गुरुवार, त्यांच्या घरात दोन्ही दिवस मासे शिजत नाहीत. मालवणात तीन रात्री आणि मासे फक्त शुक्रवारी! नवऱ्याला काही फरक पडत नव्हता, त्याला काट्यांची भीतीच वाटते, पण मी मात्र दोन मिनिटं गप्प होते. दादा म्हणाले बाहेर खानावळी आहेत की. तरी पण. सातवा फोन मी नुसता मन मानेना म्हणून केला, तिथे मासे रोज होते पण भिंत प्लायची होती. भिंत जिंकली.

तिकिटाचा घोळ थोडक्यात सांगते कारण हा बऱ्याच जणांचा होतो. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. आम्हाला मंगळवारी १० तारखेला रात्री निघायचं होतं, म्हणून नवऱ्याने १० चं तिकीट काढलं. १० चं तिकीट म्हणजे सोमवारची रात्र! माझ्या लक्षात आलं तेव्हा कॅन्सल करून ११ चं काढलं, सुदैवाने मिळालं, पैसे कापले गेले ते वेगळे.

कुडाळला उतरलो, रिक्षा केली. रिक्षावाल्या मामांनी दोन मिनिटांत विचारलं, "तुमी खंयचे?" मी पटकन म्हटलं डोंबिवली. तेवढ्यात नवरा अभिमानाने, "हिचं गाव इथलंच!" मामांनी आरशातून माझ्याकडे बघितलं, गाव विचारलं, वाडी विचारली, घर विचारलं. मी काय खोटं बोलणार, चेहरा वडिलांवर गेलाय. ते फक्त "हां" म्हणाले आणि पुढे देवबागपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाच मला समजलं.

खोली फोटोपेक्षा साधी होती आणि फोटोत नव्हतं ते फार छान होतं. मागचं दार उघडलं की चार पायऱ्या आणि खाडी. पायऱ्यांवर बसलं की पाय पाण्यात, भरती असेल तर. आणि भरती कधी, हे दादांनी मोबाईल न बघता सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची म्हणाले. द्वादशी म्हणजे १२, त्याची पाऊणपट ९, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी पण आणि रात्री पण, मधे तीनच्या आसपास ओहोटी. मिनिटाला पक्कं नसतं पण होडी काढायला पुरतं. मी लहानपणी आजोबांना हे बोटांवर मोजताना बघितलं होतं आणि मला वाटायचं ते कसला तरी जप करतायत.

म्हणून गुरुवारी आम्ही दुपारी त्सुनामी आयलंडला गेलो, गुडघाभर पाण्यात उभं राहून कांदाभजी खाल्ली, नवऱ्याने त्याच्या बेटाचे चाळीस फोटो काढले आणि बनाना बोटीवरून पडला, झालं. आणि रात्री नऊला त्या पायऱ्यांवर. पौर्णिमेला दोन-तीन दिवस बाकी, चंद्र चांगला वर आलेला, पाणी वरून दुसऱ्या पायरीपर्यंत चढलेलं, पलीकडच्या काठावर एकच दिवा. आतून वहिनींच्या पूजेच्या अगरबत्तीचा वास येत होता, जेवणात वालाची उसळ आणि तांदळाची खीर झाली होती, मासे नव्हते आणि खरं सांगते मला आठवले पण नाहीत. दहा वर्षांत आम्ही दोघं इतका वेळ काही न बोलता बसलो नव्हतो, म्हणजे भांडण नसताना. डास होते. ओडोमॉस लावून बसलो होतो, तो वास पण आता मला चांगला वाटतो.

शुक्रवारी सकाळी समुद्राच्या बाजूला गेलो तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, दोन्हीकडून माणसं रांगेत दोर खेचतायत, नवऱ्याने पण हात लावला आणि पाच मिनिटांत तळवे सोलून घेतले. दुपारी सुरमई, तिसऱ्या, सोलकढी, मी दोन दिवसांचं वसूल केलं. आणि चार वाजता फोन वाजला. आत्या.

"काय गो, देवबागेत येवन ऱ्हवलंस आणि माका सांगूक पण नाय? आत्येचा घर काय पडला?"

रिक्षावाले मामा तिच्याच वाडीतले निघाले. मी काय बोलणार, उद्या सकाळी येतो म्हटलं. तर ती अजून चिडली, कारण शनिवारी दत्तजयंती, म्हणजे जावई पहिल्यांदा नीट घरी येणार आणि कोंबडा कापता येणार नाही, आणि याला पण मीच जबाबदार.

शनिवारी आम्ही गेलो. तिने वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं, नवरा अकरा वडे जेवला, अकोल्यात असं काही मिळत नाही असं तीन वेळा म्हणाला, आणि आत्याचा राग तिसऱ्या वेळेला गेला. मग जवळ बसून हळूच विचारलं किती घेतले रे तुमच्याकडून. नवऱ्याने खरं सांगितलं.

"अडीच हजार? एका रात्रीचे? आणि दोन दिस मासो नाय?"

मग उठली, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं, आत दोन खाटा, नवीन चादरी, खिडकीतून माडाचं बन. म्हणाली, "पुढच्या वर्साक हयच येवा. ही खोली रिकामीच आसा, पलीकडे मी एकटीच निजतंय."

नवरा हो हो म्हणत होता. मी मान वर करून बघितलं. भिंत कौलांच्या दोन हात खालीच थांबलेली होती.