नऊ ओळी

"ताई, पान उडतंय."

डीटीपी करणाऱ्या मुलीने हाक मारली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंदमानच्या इतिहासावरचं, मुलांसाठीचं पुस्तक. सोळा पानांचा एक, असे बरोबर अकरा फर्मे, १७६ पानं. शेवटच्या दुरुस्त्यांनंतर नऊ ओळी १७७व्या पानावर गेल्या होत्या, आणि फाइल संध्याकाळीच नौपाड्याहून तुर्भ्याच्या छापखान्यात पाठवायची होती. नऊ ओळींसाठी बारावा फर्मा कोण लावणार? सरांनी प्रुफावर एका परिच्छेदाभोवती पेन्सिल फिरवली. "हा गेला तरी चालेल. तसाही मुलांसाठी जडच आहे."

तो हॉम्फ्रेगंजचा परिच्छेद होता.

३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकावला, हे आधीच्या पानावर फोटोसकट होतं. बरोबर महिन्याने, ३० जानेवारी १९४४ला, त्याच बेटावरच्या हॉम्फ्रेगंजला, बेटं ताब्यात असलेल्या जपानी सैन्याने ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. त्यातले कितीतरी नेताजींच्याच इंडियन इंडिपेंडन्स लीगचे. त्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टर आणि पंजाबी कवी दिवाणसिंग सेल्युलर जेलमध्ये जपान्यांचा छळ सोसून गेले होते.

वीस वर्षं प्रुफं वाचतेय. तिरंग्याची ती ओळ किती पुस्तकांत तपासली, मोजदाद नाही. हॉम्फ्रेगंज मात्र पहिल्यांदा याच हस्तलिखितात भेटलं. सावरकरांमुळे सेल्युलर जेल आपल्या घराघरांत पाठ आहे, पण आपल्याकडे तिची गोष्ट इंग्रजांपाशीच संपते. मुद्दाम कुणी दडवलं असेलच असं नाही. दर वेळी कुठेतरी असंच पान उडालं असेल, आणि हाच परिच्छेद हाताशी आला असेल.

"सर, माझ्या हातून यावर काट बसणार नाही."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ओळी बसवून दाखवा."

शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबतोय असे चार परिच्छेद सापडले. शब्द छाटून चार ओळी वाचवल्या. उरलेल्या पाच तिरंग्याच्या फोटोतून काढल्या, तो सव्वा इंचाने लहान करून.

सातला शेवटचं प्रुफ हातात आलं. हॉम्फ्रेगंजच्या ओळींवर बोट ठेवून मी वाचत गेले आणि थांबले. "४ भारतीयांना" असं छापलं होतं. कापाकापीत एक आकडा गळला होता. चाळीस माणसं.

समासात लाल पेनने ४४ लिहिलं, ते पान पुन्हा काढून आणायला लावलं, आणि मगच सही केली.