बाकावर बसल्यावर

रविवारपासून डोक्यात एकच वाक्य फिरतंय. "बाई, आज तुम्ही निवांत बसा, आम्ही वाजवतो." किती अदबीनं म्हणाला तो, देवळात आता माझ्या पेटीऐवजी कीबोर्ड वाजवणारा मुलगा. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. माझ्या हातातली उपासनासंगीताची, म्हणजे आमच्या गीतांच्या पुस्तकाची, प्रत घेतली, बाकापर्यंत सोडायला आला. खांद्याचं सगळ्यांना ठाऊकच आहे. पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी विचारलं होतं आणि मीच हो म्हणाले होते. कुणाचं काहीच चुकलेलं नाही. म्हणूनच हे जे काही झालंय ते कुणावर काढावं हे कळत नाही.

खिडकीकडच्या बाकावर वहिनींशेजारी बसले. हात कुठं ठेवायचे तेच कळेना. गीत उचलायच्या आधी डावा हात आपसूक भात्याकडं जातो, तो मांडीवर नुसताच हलला. वहिनींनी तो धरून ठेवला, त्यांना वाटलं थरथरतोय. मी काही बोलले नाही.

आणि गाणं व्यवस्थित पार पडलं. पहिलं गीत, अर्पणाचं गीत, शेवटचं गीत, सगळं. कीबोर्डचा आवाज मोठा नि स्वच्छ. पट्टी बदलायची तर एक बटण दाबायचं, बोटं तिथल्या तिथंच. मी पांढरी एकवरून काळी एकवर जायचं म्हणजे सगळी चाल नव्यानं बोटांत बसवून घ्यायची, रात्र रात्र. कुणी पेटीच्या कोपऱ्याकडं वळून पाहिलं नाही. पाहावं असं मला वाटत होतं का? वाटत होतं. माझ्यावाचून काही अडलं नाही, हे डोळ्यांदेखत दिसलं आणि ते काही केल्या गिळवत नाहीये.

सोमवार सगळा त्यातच गेला. शाळेचंही आठवत राहिलं. मी निवृत्त झाले त्या जूनपासून जागा भरलीच नाही. संगीताचा तास आधी गणिताला दिला, मग वेळापत्रकातून तो गेलाच. प्रार्थना आता स्पीकरवर लावतात. शाळेतली पेटी कपाटावर पडून होती, उंदरांनी तिचा भाता खाल्ला, हे शिपाईमामांनी रस्त्यात भेटून सांगितलं. वाईट वाटलं होतं, पण असं पोटात तुटलं नव्हतं. शाळा नोकरी होती, महिना भरला की पगार व्हायचा. देवळातली पेटी मला आप्पांच्या हातून मिळाली, माझ्याआधी तेच ती वाजवायचे.

आप्पांची प्रत काल पुन्हा काढली. समासात त्यांनी उर्दू अक्षरांत स्वर लिहून ठेवलेत. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस. 1948 च्या सप्टेंबरात राज्य बदललं तरी हिशेब आणि सरगम यांच्यासाठी त्यांना तीच अक्षरं हाताशी आली. मला ती वाचता येत नाहीत. धाकट्याला म्हणलं होतं, कुणाकडून तरी… राहू दे.

पेटी शिकवायला बसवलं की आप्पा एक गोष्ट हमखास सांगायचे. 1940 साली रेडिओनं पेटीला बंदी घातली. हिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, मिळत नाहीत, असं जाणत्यांचं म्हणणं. ते खोटं नव्हतंच, एक पट्टी सोडून दुसरी धरायची म्हणजे मधली वाट हरवते. 1971 साली ती बंदी सैल होईपर्यंत केवढी वर्षं गेली. आप्पा म्हणायचे, रेडिओला नको असेल, आपल्या मंडळीला हवी आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओवी आणि अभंग ख्रिस्ती उपासनेत आणले त्याला टाळ-तबला हवा, साहेबी चालींना ऑर्गन हवा. आमच्याकडं दोन्हीला मिळून एक पेटी. तिनं दोन्ही निभावलं. उन्हाळ्यात लाकूड आकसून फटी पडायच्या, पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या, एखादा सूर धूळ बसून मुका व्हायचा. मग स्क्रू काढायचे, पातळ कागद सुराच्या जिभेखालून फिरवायचा, पुन्हा बसवायचा. गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर आहेत, अजूनही गोड बोलतात. हे कुणाला सांगू आता?

बघा, पुन्हा तिकडंच घसरले. लिहायला बसले होते ते वेगळंच.

एवढी वर्षं पेटीमागं बसून मंडळीचं गाणं मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. कानाशी आपलाच सूर, त्यात भात्याचा फस्-फस् आवाज. रविवारी पहिल्यांदा आत बसून ऐकलं. शेजारी वहिनी गात होत्या. त्यांचा गंधार, म्हणजे ग, कीबोर्डच्या गंधारापेक्षा अंगुळभर खाली बसत होता. आधी वाटलं, वयामुळं उतरलाय. मग कान दिला तर लक्षात आलं की उतरलेला नाही, नेमका आहे. तंबोऱ्यातून ऐकू येतो तो गंधार. पेटीचा आणि कीबोर्डचा थोडा चढाच असतो, बारा स्वर सारख्या अंतरावर बसवायचे म्हणून. सेंटच्या हिशेबात 14 एक सेंट, शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर 100 सेंट धरलं तर. परीक्षेच्या मुलींना मी हे फळ्यावर लिहून देते. आणि वहिनींना सरगमही येत नाही. माझी आजीही अशीच गायची. ती जालन्याजवळच्या बेथेलची, रेव्हरंड नारायण शेषाद्रींना निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर वसलेल्या ख्रिस्ती गावाची. वाचता येत नव्हतं, गीतं मात्र कडव्यांसकट पाठ. आपल्या पट्टीत, आपल्या लयीत, सगळ्यांच्या मागून. आप्पा तिच्यासाठी शेवटचा स्वर धरून ठेवायचे.

दुसरी गोष्ट आज सकाळी कळली. तांदूळ निवडत होते, तोंडात अर्पणाचं गीत होतं आणि तिसऱ्या ओळीत मी थांबले. वरच्या षड्जावर, वरच्या सावर, चढायच्या अगदी आधी, दोन मात्रा. मग रविवार आठवला. तिथं सगळे थांबले होते. पुढच्या बाकावरची शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची पोरं, मंडळीचे पंच, वहिनी, सगळ्यांनी तिथं श्वास घेतला. कीबोर्डवर तोही थांबला.

छापील पुस्तकात तिथं स्वल्पविराम नाही. अर्थानंही तिथं तुटू नये, वाक्य मधोमध कापलं जातं. आप्पा तिथं थांबत नसत, हे मला पक्कं आठवतंय. थांबायला लागले ती मी. तेव्हा पेटीच्या आतल्या भात्याला चीर गेली होती. बाहेरून कितीही हात मारा, पोटात हवा टिकायची नाही. वरचा सा लागायचा, त्यात खर्ज म्हणजे जाड आणि नर म्हणजे मधला, दोन्ही सूर उघडे, म्हणजे हवा दुप्पट लागणार. भाता पूर्ण भरून घेतल्याशिवाय तो स्वर निघायचाच नाही. म्हणून दोन मात्रा घ्यायचे. चिरेवर कापड चिकटवून काही वर्षं काढली. पुढं संभाजीनगरला नेऊन नवं कातडं बसवून आणलं, हवा टिकायला लागली. पण तोवर मंडळीला तिथं थांबायची सवय लागली होती आणि मलाही.

हे कळल्यावर निवडलेले तांदूळ तसेच ताटात राहिले. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. भाता नसलेल्या वाजंत्रावर तो मुलगा हवा भरून घ्यायला थांबतोय. कुणी सांगितलं त्याला? कुणीच नाही. लहानपणापासून कानांनी ऐकलंय, हाताला ते माहीत आहे. त्याच्या पोरांनाही माहीत असेल.

मला यातून काही मिळवायचं नाहीये. नाव लागावं, सत्कार व्हावा, शाल मिळावी असलं काही नाही. म्हणजे सोमवारी तसंच काहीतरी हवं होतं, खोटं कशाला बोलू. आज नकोय. खांदा आता पहिल्यासारखा होणार नाही हेही आज डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त नीट कळलं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तेवढी पेटी मागून घेईन. त्या दिवशी कीबोर्ड नको, इतकं मी पाळकसाहेबांना सांगू शकते. संध्याकाळच्या मुलींची प्रवेशिकेची परीक्षा आहे, त्यांचा भूप राग अजून कच्चा आहे. भूपात नसलेला मध्यम चुकून येतोच एकीच्या तोंडात. काम पुष्कळ आहे.

एक मात्र रविवारी खटकलंच आणि ते माझ्या दुखण्यातून आलेलं नाही, हे मी तपासून पाहिलं. शेवटच्या गीताला त्यानं कीबोर्डमधला तयार ठेका, ऱ्हिदम, लावला. मशीन कुणासाठी थांबत नाही. मागच्या बाकांवरच्या बायका दुसऱ्या कडव्यापासून मागं पडत गेल्या, चौथ्याला त्यांनी गाणंच सोडलं आणि नुसत्या पुस्तकात बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही. पुढं बसलेल्यांना हे ऐकू जाणार नाही, पेटीमागून मलाही गेलं नसतं. बाकावर होते म्हणून कळलं.

शनिवारी सरावाला जाणार आहे. त्याला शेजारी बसवून सांगेन की ऱ्हिदम नाताळच्या फेरीला लाव, पोरं खूश होतील. उपासनेत मागच्या बाकावरचा शेवटचा शब्द संपेपर्यंत बोट उचलायचं नाही आणि पुढचं कडवं तोवर धरायचं नाही. ऐकेल तो. सा लावायला माझ्याच ओट्यावर शिकलाय.