साल्झबुर्ग म्हणजे मीठगडच की!

मागच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला जाऊन आलो, म्युनिकहून ट्रेनने दोनेक तास लागतात. शहराचं नाव साल्झबुर्ग आणि ज्या राज्याची ती राजधानी त्याचंही नाव साल्झबुर्गच, त्यामुळे बाबांचा आधी जाम गोंधळ झाला. साल्झ म्हणजे मीठ, बुर्ग म्हणजे किल्ला, हे कळल्यावर बाबा लगेच म्हणाले, "मग सरळ मीठगड म्हण की!"

गड मात्र खरंच भारी आहे. 1077 मध्ये बांधायला घेतलेला, वर जायला 1892 पासूनची केबलवर ओढली जाणारी रेल्वे आहे, पण बाबा हट्टाने चढूनच गेले (आणि मग अर्धा तास बाकावर बसून). वरून साल्झाख नदी, अलीकडे जुनं शहर, दक्षिणेला आल्प्स. संगीतकार मोझार्टचं घर पिवळंधमक, गर्दी एवढी की बाहेरूनच फोटो काढून निघालो.

खरी मजा हालाइन गावाजवळच्या मिठाच्या खाणीत. पांढरे ढगळ कपडे चढवायचे, बुटक्या गाडीवर पाय दोन्हीकडे टाकून बसायचं, आणि पुढे लाकडी घसरगुंडी! आत चालता चालता जमिनीखालीच ऑस्ट्रियातून जर्मनीत जातो आपण. आई आधी "मी नाही बाई" म्हणत होती, मग एकदा घसरल्यावर "परत जाता येतं का रे?"

राज्याचा डोंगराळ भाग राहिलाच, क्रिमलचा 380 मीटरचा धबधबा तिकडे पार पश्चिमेला आहे, एका दिवसात कुठे होणार. त्यात दुपारनंतर जी झड लागली ती थांबेचना.