साखरेचा गुठळीशी काय संबंध?

मधुमेह हा साखरेचा आजार, मग त्यात रक्ताच्या गुठळ्या कुठून आल्या, असं मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्याला बहुधा वाटत असतं की साखरेने रक्त दाट होतं. गोष्ट तेवढी सरळ नाही.

रक्तात बारीकसारीक गुठळ्या होतात आणि विरघळतातही. गुठळी फायब्रिनच्या धाग्यांनी बांधलेली असते आणि ते धागे प्लाझ्मिन नावाचं प्रथिन तोडतं. प्लाझ्मिन तयार व्हायला टीपीए हे आणखी एक प्रथिन लागतं, आणि टीपीएला आवर घालतं पीएआय-१ नावाचं प्रथिन. हा ब्रेक हवाच. ज्यांच्यात तो जन्मतःच नसतो, त्यांचं ऑपरेशननंतर रक्त थांबता थांबत नाही.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की हा ब्रेक जास्त लागू लागतो. पोटातली चरबी पीएआय-१ बनवते, यकृतही बनवतं. रक्तात वाढलेलं इन्सुलिन आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) त्यात भर घालतात. मग झालेली गुठळी लवकर जात नाही. आणि हे सगळं रिपोर्टमध्ये साखर नॉर्मल दिसत असतानाच सुरू झालेलं असतं! पुढे साखर वाढली की तीही फायब्रिनला चिकटते, जाळं घट्ट होतं आणि तुटायला अवघड जातं. साखर अगदीच निर्दोष नाही.

मला खरा रस आहे तो उलट्या दिशेत. ज्यांचं पीएआय-१ जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाणही जास्त आढळलं आहे. अमेरिकेतल्या इंडियानामधल्या अमिश या छोट्या ख्रिस्ती समाजात काहींना या प्रथिनाच्या जनुकाची एकच चालू प्रत मिळालेली असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन कमी होतं, मधुमेह कमी होता, आयुष्यही जास्त होतं. म्हणजे पीएआय-१ हा नुसता परिणाम नसावा, कारणातही त्याचा वाटा असावा. एका छोट्या समाजावरून सगळ्या जगाचं ठरवू नये, हे खरंच.

ॲस्पिरिन चालू आहे, मग काळजी कशाला, असंही विचारतात. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर काम करतं, हा ब्रेक सैल करणं त्याचं काम नाही. वजन उतरलं की पीएआय-१ उतरतं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनेही काहीसं. पीएआय-१ची तपासणी करून घ्यायची का? माझ्या मते नको. पहाटे ते वर असतं, दुपारनंतर खाली येतं, एका आकड्यावरून काय ठरवणार? त्यापेक्षा कंबरेचा घेर मोजा आणि ट्रायग्लिसराइड बघा.